बॅरलचा स्मोकर घरच्या घरी: बनवायचा कसा, बिघडला तर दुरुस्त कसा करायचा

मटण कसं करायचं हे कोल्हापुरात कुणाला शिकवायला गेलं तर लोक वेड्यात काढतील. पण तेच मटण शंभर-सव्वाशे अंशांच्या धुरात पाच-सहा तास ठेवायचं म्हटलं, की आपली सवयच आडवी येते. आपला हात मोठ्या जाळाला बसलेला. त्यात गाव फौंड्रीवाल्यांचं, भट्टी म्हटलं की पहिला प्रश्न "ब्लोअर कुठला लावायचा?" बॅरलच्या स्मोकरला ब्लोअर नको, दार नको, उंच चिमणीही नको. अमेरिकेतले हौशी लोक जुन्या पिंपात हे करत आले आणि त्याला 'अग्ली ड्रम स्मोकर' म्हणतात. दिसायला खरंच ओबडधोबड असतो, पण व्यवस्थित बांधला तर महागड्या विकतच्या मशिनला मागे टाकतो.

रचना एवढीच: तळाशी कोळशाची टोपली, तिच्यावर दोन फुटांवर मटणाची जाळी, बुडाशी हवेची तीन भोकं आणि झाकणाला धूर जायची वाट. गुऱ्हाळावर चुलवणात चिपाडं टाकणारा गडी जाळ कमी-जास्त करतो तो जळण कमी-जास्त टाकून. इथे जळण सुरुवातीलाच पोटभर भरायचं आणि जाळ आवरायचा तो हवा कोंडून. ठरवलेल्या भोकांखेरीज दुसरीकडून हवा शिरत असेल, तर ते बॅरल तुमचं ऐकणार नाही. खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक या एका गोष्टीसाठीच आहे.

१. बॅरल निवडणं

हवं ते बॅरल २०० ते २१० लिटरचं, लोखंडी, वरचं झाकण पूर्ण निघणारं आणि कड्याने आवळलं जाणारं. उंची साधारण ३४-३५ इंच, आतला व्यास साडेबावीस इंचांच्या आसपास.

माझी पहिली पसंती आंब्याच्या पल्पच्या बॅरलला. पल्प निर्जंतुक पिशवीत भरून ती पिशवी बॅरलमध्ये ठेवतात, त्यामुळे माल पत्र्याला लागलेलाच नसतो. ज्यूस, आइस्क्रीम, मिठाई करणाऱ्यांकडून ही बॅरलं रिकामी होऊन बाहेर पडतात. एकात एक बसावीत म्हणून पुष्कळदा ती बुडाशी थोडी निमुळती असतात, त्याने काही बिघडत नाही. दुसरी पसंती खाद्यतेलाच्या बॅरलला.

आता नको ते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे आपल्याकडे बॅरलं ढिगाने मिळतात, आणि खरी गोची तिथेच आहे. फौंड्रीत कोअरसाठी लागणाऱ्या रेझिनचं, ॲसिडचं, थिनरचं, कीटकनाशकाचं बॅरल फुकट दिलं तरी घेऊ नका. भंगारवाला म्हणणार, "धुतलंय की, काय होत न्हाई." पत्र्याच्या शिवणीत आणि आतल्या रंगात मुरलेलं रसायन धुऊन जात नाही. लेबल खरवडून काढलेलं किंवा वरून ताजा रंग मारलेलं बॅरल दिसलं तर दुसऱ्या दुकानात जा.

पांढरट चकाकणारं, अंगावर फुलाफुलांची नक्षी दिसणारं बॅरल म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, गॅल्व्हनाइज्ड. तेही नको. जस्त फार तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो. असल्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो तो त्यामुळेच.

बंद तोंडाचं, वर फक्त दोन बूच असलेलं बॅरल स्वस्त पडतं, पण ते कापावं लागतं. रिकाम्या बॅरलमध्ये राहिलेली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीने किंवा गॅस कटरने स्फोट करते. माणसं गेली आहेत अशी. कापायचंच असेल तर दोन्ही बूच काढून कापाच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, जाणत्या माणसाकडूनच कापून घ्या. मी तर म्हणेन, चार पैसे जास्त द्या आणि झाकणाचंच घ्या.

२. सामानाची यादी

- बॅरल, झाकण आणि आवळायचं कडं. झाकणातली रबरी रिंग आधीच काढून टाका.
- पाऊण इंची लोखंडी निपल (आटे पाडलेले पाइपाचे आखूड तुकडे) तीन, आतून-बाहेरून आवळायला नट, दोन टोप्या, एक पितळी बॉल व्हॉल्व्ह. पाण्याच्या नळाचं फिटिंग बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं असतं. दुकानात 'काळं' फिटिंग मागा.
- स्टेनलेसचे दोन सुती (पाव इंची) बोल्ट चार, दीड-दोन इंच लांब, नट आणि वायसरसह. शिवाय झाकणाच्या आणि बाजूच्या मुठींसाठी वेगळे.
- टोपलीसाठी काळ्या लोखंडाची एक्सपांडेड जाळी. खुराड्याला लावतात ती किंवा कुंपणाची चकचकीत जाळी नको, तिच्यावर जस्त असतं.
- मटणाच्या जाळीसाठी स्टेनलेसची दोन सुती सळी आणि कडेला पट्टी.
- राखेसाठी लोखंडी परात.
- लांब दांड्याचा डायल थर्मामीटर आणि मांसात खुपसायचा एक वेगळा.
- ड्रिल, होल सॉ, कानस, वायर ब्रश, जाड हातमोजे.

स्टेनलेस ३०४ आहे की २०२ हे लोहचुंबकाने कळत नाही, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही, फार तर किंचित ओढतं. घट्ट चिकटलं तर मात्र तो तिसराच माल. बिलावर ग्रेड लिहून मागणं हा त्यातल्या त्यात साधा मार्ग.

३. उद्यमनगरात काम टाकताना

शिवाजी उद्यमनगरात हे काम न येणारा फॅब्रिकेटर सापडायचा नाही. अडचण उलटी आहे: त्याला याहून जास्त येतं. तुम्ही तीन भोकं सांगाल आणि तो तोवर खिशातला खडू काढून बॅरलच्या पोटावर एक चौकोन आखायला लागलेला असेल. "हितं दार करूया साहेब, कोळसा घालायला बरं पडंल." नाही म्हणा. दाराच्या चारही कडांनी हवा शिरते, तापल्यावर पत्रा वाकतो आणि फट आणखी वाढते. टोपली काठोकाठ भरली तर मध्ये कोळसा घालावा लागत नाही, मग दार कशाला? कागदावर आकृती काढून, मापं टाकून द्या आणि "एवढंच" असं दोनदा सांगा.

मापं अशी:

हवेची तीन भोकं बुडापासून दोन-अडीच इंचांवर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. पाऊण इंची पाइपाचा बाहेरचा व्यास जवळपास २७ मिमी, भोक त्या मापाचं. दोन निपलांना टोप्या, तिसऱ्याला बॉल व्हॉल्व्ह. बारीक नियंत्रण सगळं त्या एका व्हॉल्व्हवर होतं. जोडांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू देऊ नका.

झाकणाला धूर जायला २ इंची बूच असेल तर ते उघडं ठेवलं की काम झालं. नसेल तर १८ मिमीची आठ भोकं गोलाकार पाडा. दोन्हींचं क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटरच्या घरात येतं, खालच्या तीन वाटांच्या जवळजवळ दुप्पट. वर अडलं तर खालून हवा ओढली जात नाही, म्हणून बाहेर जायची वाट नेहमी मोठी.

जाळीचे चार बोल्ट वरच्या कडेपासून ७ इंचांवर, सगळे एका पातळीत. थर्मामीटरचं भोक त्याच्या जरा खाली.

४. टोपली, जाळी, परात

टोपली १५ इंच व्यासाची, ९ ते १० इंच उंच, खाली ३ इंचांचे पाय. पाय विसरायचे नाहीत, कारण राख खाली पडायला जागा नसेल तर ती कोळशाला गुदमरवते. टोपलीच्या तळापासून मटणाच्या जाळीपर्यंत २४ इंच भरले पाहिजेत. यापेक्षा जवळ आणलं तर भाजणं सुरू होतं, धुरावर शिजणं राहतं बाजूला.

मटणाची जाळी बॅरलच्या तोंडातून सहज आत जायला हवी, म्हणून व्यास अर्धा-पाऊण इंच कमी ठेवा. निमुळत्या बॅरलमध्ये बोल्टच्या पातळीवर माप घ्या, तोंडाशी नाही. सळ्यांमध्ये १५ मिमीचं अंतर पुरे.

परात टोपलीखाली ठेवायची, पण तिची कड हवेच्या भोकांच्या खाली राहील एवढी उथळ हवी.

५. जाळून काढणं

भोकं पाडून झाल्यावरच हे करा, नाहीतर आत हवाच मिळत नाही. बॅरल अन्नाचं असलं तरी आतून लाखेसारखा लेप असतो, बाहेरून रंग. दोन्ही जाळायचे. गावाबाहेर कुणाच्या तरी मळ्यात न्या, पिकापासून आणि गवतापासून लांब. रंगाचा धूर विषारी असतो. गल्लीत करायचं काम नाही हे, आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभंही राहू नका. वाळलेली लाकडं भरून दोन-तीन तास दणकून जाळ करा. झाकणही त्यातच. लेप पूर्ण जळाला की पत्रा राखाडी, कोरडा दिसतो. तपकिरी चकाकी उरली असेल तिथे परत जाळ लावा.

गार झाल्यावर वायर ब्रशने घासा, साबणाने धुवा, उन्हात वाळवा. लगेच आतून गोडंतेलाचा पातळ हात द्या, एका रात्रीत गंज धरतो. बाहेरून सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा रंग मारा. आतून कुठलाच रंग नाही. मग रिकाम्या स्मोकरमध्ये कोळसा पेटवून १५० अंशांवर तीन-चार तास चालवा. तेल पत्र्यात बसून काळा थर तयार होतो, तो पुढे कधी खरवडू नका.

६. गळती शोधा

अंधार पडल्यावर पेटती बॅटरी आत ठेवा, धुराची वाट चिकटपट्टीने बंद करा, झाकण आवळा आणि भोवती फिरा. उजेड दिसेल तिथून हवा शिरणार. जाळताना झाकण थोडं वाकतंच. लाकडी हातोड्याने कड ठोकून सरळ करा. उरलेल्या फटीला ग्लास फायबरची दोरी लावा. दुकानदाराने ॲस्बेस्टॉसची दोरी पुढे केली तर परत करा, तिचे तंतू फुफ्फुसात जातात आणि तिथेच राहतात. घाई असेल तर घट्ट मळलेली कणीक फटीत लिंपा. एका दिवसापुरतं उत्तम चालतं.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून पाहा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांना उकळतं. काटा १०० दाखवत असेल तर तो दोन अंश पुढे आहे.

७. पेटवणं

कोळसा लोणारीच हवा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. फौंड्रीच्या गावात दगडी कोळसा आणि कोक सहज मिळतो, पण त्यातल्या गंधकाच्या धुरावर अन्न ठेवायचं नाही. पोतं चाळून घ्या, चुरा टोपलीत गेला की हवेच्या वाटा बुजतात. साधारण पाच किलो कोळसा मावतो आणि जाळ आवरता आला तर सात-आठ तास पुरतो.

धुरासाठी मुठीएवढे लाकडाचे तीन-चार तुकडे कोळशात पेरा. कोंबडीला पेरू किंवा आंबा, मटणाला बाभूळ. चिकूही चांगला. निलगिरी, सुरू, प्लायवूड, रंगवलेलं किंवा पॉलिशचं लाकूड नको, आणि कण्हेर तर मुळीच नको, ते झाडच विषारी. तुकडे साल काढलेले आणि खडखडीत वाळलेले हवेत. एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत. पाण्यात भिजवायचे नाहीत. भिजलेलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि मग घुसमटत जळतं.

मग असं करा:

कोळशाच्या मधोमध खळगा करा. दहा-पंधरा खडे वेगळे, तळाला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात लाल करून त्या खळग्यात ओता. रॉकेल वापरलंत तर सहा तासांनंतरही मटणाला रॉकेलचाच वास येईल. झाकण लावा, तिन्ही वाटा उघड्या, धुराची वाट पूर्ण उघडी.

काटा ९५ वर आला की एक टोपी लावा. १०५ला दुसरी. आता फक्त व्हॉल्व्ह उरला, तो अर्धा करा. ११० ते १२५च्या मध्ये काटा थांबायला हवा. एकदा हात लावला की पंधरा मिनिटं पुन्हा लावायचा नाही. बॅरल उशिरा ऐकतं, आणि मागे लागलात तर कधी ९० कधी १६० असा खेळ दिवसभर चालतो. तापमान चढताना आवरणं सोपं आहे, चढून गेलेलं उतरवणं फार अवघड, म्हणून टोप्या थोड्या आधीच लावा.

सुरुवातीचा धूर दाट पांढरा असतो. तो विरळ, निळसर, जेमतेम दिसेल असा होईपर्यंत मटण जाळीवर ठेवू नका. पाऊण तास जातो, जाऊ दे.

हे सगळं उघड्यावरच. बंद शेडमध्ये, जिन्यात, गॅलरीत नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. गच्चीवर विटांचे थर रचून त्यावर बॅरल ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंग वितळणार नाही. शेजारच्या वहिनींनी वाळत घातलेल्या पापडांचं आणि कपड्यांचं आधी बघून घ्या.

८. पहिल्यांदा काय ठेवायचं

कोंबडी. मधून चिरून उघडलेली, सव्वा-दीड किलोची. दोन-अडीच तासांत होते आणि बॅरलचा स्वभाव कळतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश भरले की झाली.

मग बकऱ्याचा खांदा. व्हिडिओत दिसणारे चरबीदार मांसाचे मोठे मोठे तुकडे आणि आपलं बकरं यात फरक आहे: आपलं मटण कोरडं, चरबी कमी. चार तास नुसतं धुरावर ठेवलं तर वाळून चामडं होतं. दोन-अडीच तास उघडं ठेवा, मग केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या. कांदा-लसूण चटणी सुरुवातीला लावली तर तिच्यातलं खोबरं आणि तीळ काळे पडून कडवट होतात. आधी मीठ, हळद, आलं-लसूण एवढंच. चटणी गुंडाळताना चोळा. सुटलेला रस त्या पानातच राहतो, तो टाकून देणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे.

९. बिघाड आणि उपाय

तापमान चढतच नाही. पावसाळ्याच्या आसपास असेल तर कोळसा ओला आहे, दुसरं कारण शोधू नका. उन्हात दोन दिवस पसरा. कोळसा कोरडा असेल तर चुरा जास्त झालाय किंवा भोकांसमोर परात आली आहे.

दोन-तीन तासांनी विझायला लागतो. राख साचली. लोखंडी सळीने टोपलीच्या पायाला दोन-तीन टोले द्या, राख गळते. दर वेळी हेच होत असेल तर पाय उंच करून घ्या.

सगळं बंद करूनही १६०च्या खाली येत नाही. एक तर गळती आहे, नाहीतर सुरुवातीला लाल कोळसा जास्त ओतला. गळती असेल तर झाकणाच्या कडेने धूर येताना दिसतो, कणीक लावा. आणि झाकण उघडून बघू नका. उघडलं की आत भसकन हवा जाते आणि जाळ आणखी भडकतो.

वाऱ्याच्या दिवशी काटा नाचतो. वाऱ्याच्या तोंडाचं भोक बंद करा, आडोशाचं उघडा. पत्र्याचा आडोसा दोन हातांवर उभा केला तरी पुष्कळ फरक पडतो.

चव कडू, वर चिकट काळा थर. धूर कोंडला. तापमान उतरवायला झाकणाची वाट बंद केली की हे होणारच. वरची वाट शेवटपर्यंत उघडी, नियंत्रण सगळं खालून. तसं केलं नसेल तर लाकूड ओलं होतं किंवा फार घातलं.

मटण ६५-७० अंशांवर अडकलं, तासभर हलत नाही. काही बिघडलेलं नाही. मांसातून बाहेर येणारं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, घामाने अंग गार पडतं त्याच कारणाने. जाळ वाढवू नका. गुंडाळा किंवा थांबा.

कोंबडीची कातडी रबरासारखी. कमी तापमानाला ती कुरकुरीत होतच नाही. शेवटची वीस मिनिटं सगळ्या वाटा उघडून १६०-१७०पर्यंत न्या.

बाजूचा काटा एक सांगतो, जाळीवर ठेवलेला वेगळंच. पत्र्याजवळचं तापमान जाळीच्या मध्यापेक्षा दहा-वीस अंश कमी असतं. एकदा मध्ये थर्मामीटर ठेवून फरक पाहा आणि बॅरलवरच खडूने लिहून ठेवा.

चरबीने पेट घेतला. पाणी मारू नका. झाकण लावा, वरच्या-खालच्या सगळ्या वाटा बंद. विझल्यावर उघडताना आधी धुराची वाट उघडा, थोडं थांबा, मग झाकण स्वतःपासून लांबची कड आधी उचलून हळू काढा. कोंडलेल्या गरम वायूला एकदम हवा मिळाली तर तोंडावर भडका येतो.

१०. काम झाल्यावर, आणि जूनच्या आधी

खाणं झालं की सगळ्या वाटा बंद करा. उरलेला कोळसा विझून पुढच्या वेळी कामाला येतो. राख मात्र पूर्ण गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी न विसरता काढा. ती हवेतली ओल ओढून घेते आणि बॅरलचं बूड खाते. बॅरलं सडतात ती जाळाने कमी, ओल्या राखेने जास्त.

आपल्याकडचा पाऊस बघता जूनच्या आधी आतून-बाहेरून तेलाचा हात द्या, जाळ्या घरात घ्या, बॅरल पत्र्याखाली विटांवर ठेवा. वरून प्लॅस्टिक घट्ट बांधू नका, आत घाम धरतो. झाकणही आवळून ठेवू नका, बोटभर फट राहू द्या. दसऱ्याच्या सुमाराला परत काढाल तेव्हा आत बुरशी दिसली तर घाबरायचं कारण नाही: रिकामा स्मोकर तासभर २०० अंशांवर चालवा, ब्रश फिरवा, पुन्हा तेल लावा. कोळशाचं पोतं मात्र पावसाआधीच झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा, आणि त्या डब्यावर नाव टाका, नाहीतर घरातलं कुणीतरी तो बंबात घालेल.